स्मृतिचित्रांतील चूल आणि उपासना

मराठीत जे शब्द अतिवापराने गुळगुळीत झाले त्यांत ‘सेवा’ ह्या शब्दाचा क्रम बराच वर लागेल. मानपत्रांत तो असतो, संस्थांच्या अहवालांत असतो, निवडणुकीच्या पत्रकांत असतो आणि दुकानांच्या पाट्यांवरही असतो. नाणे फार हातांतून फिरले म्हणजे त्यावरील मुद्रा पुसून जाते, तशी ह्या शब्दाची गत झाली आहे. अशा शब्दाचा मूळचा कस पाहावयाचा तर तो ज्या ग्रंथात फारसा उच्चारला जात नाही, पण ज्याच्या पानोपानी त्याचा अर्थ घडत असतो, अशा ग्रंथाकडे वळावे लागते. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ हा आमच्या मते असा ग्रंथ आहे. आणि ह्या दृष्टीने तो जितका वाचला जावयास हवा होता तितका वाचला गेलेला नाही, अशी आमची तक्रार आहे.

‘स्मृतिचित्रे’ 1934 ते 1936 ह्या काळात चार भागांत प्रसिद्ध झाली. लक्ष्मीबाई 1936 साली निवर्तल्या, आणि चौथा भाग त्यांच्या मागे त्यांचे पुत्र देवदत्त यांनी सिद्धीस नेला. तेव्हापासून आजवर ह्या ग्रंथाची स्तुती करण्यात मराठी टीकेने कुचराई केलेली नाही. परंतु ह्या स्तुतीचे दोन ठरावीक साचे झाले आहेत. एका साच्यातील टीकाकार बाईंच्या विनोदाचे, निर्व्याजपणाचे आणि घरगुती भाषेचे कौतुक करतात. ख्रिस्ती श्रद्धेचा भाग आला की सभ्य पाहुण्याने यजमानाच्या घरातील भांडणाकडे काणाडोळा करावा तसे ते पुढे सरकतात. दुसऱ्या साच्यातील वाचक बहुधा ख्रिस्ती असतात, आणि ते हा ग्रंथ रेव्हरंड टिळकांच्या चरित्राचे साधन म्हणून वाचतात. टिळकांचे धर्मांतर, टिळकांची पदे, टिळकांचा संन्यास. बाई ह्या तेथे साक्षीदार. पहिल्या वाचनात श्रद्धा गळते, दुसऱ्या वाचनात स्वयंपाकघर गळते. आणि आमचे म्हणणे असे की, ह्या ग्रंथात श्रद्धा स्वयंपाकघरातच राहते. एकीला वगळून दुसरे हाती येत नाही.

ख्रिस्ती मराठी वाङ्मयाच्या परंपरेत हे किती नवे होते हे ध्यानात घेतले पाहिजे. फादर स्टीफन्सचे ‘ख्रिस्तपुराण’ 1616 साली गोव्यात छापले गेले; तेथे ओवीच्या वळणाने कथा आली, सृष्टीच्या उत्पत्तीपासून ख्रिस्ताच्या पुनरुत्थानापर्यंत. पुढे एकोणिसाव्या शतकात बाबा पदमनजी आले. त्यांच्या ‘यमुनापर्यटना’त (1857) विधवांच्या दुःखाची कळकळ आहे, ‘अरुणोदया’त (1888) स्वतःच्या मतांतराचा प्रामाणिक वृत्तान्त आहे, पण पदमनजींचे मन मूलतः वादपटूचे. त्यांना पटवावयाचे असते. नारायण वामन टिळकांनी वादाचे शस्त्र खाली ठेवून भजनाची वीणा घेतली. आपण तुकारामाच्या वाटेने ख्रिस्ताकडे आलो असे ते म्हणत, आणि त्यांची पदे वाचणाराला ते खरे वाटते. कथा झाली, वाद झाला, भजन झाले. राहिले होते ते रोजचे जगणे. सकाळी उठून पाणी तापविणे, दारात कोण आले ते पाहणे, आजाऱ्याचे अंथरूण बदलणे, डब्यात पीठ किती उरले ते चाचपणे. ह्यात श्रद्धेचा संबंध तो काय, असे पदमनजींना कदाचित वाटले असते. शुभवर्तमानाचे कर्ते मात्र ह्याच्याशी परिचित होते. योहानाच्या शुभवर्तमानात शेवटच्या भोजनाच्या रात्री गुरू कमरेस रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतो, आणि पेत्र त्याला अडवू पाहतो. हे काम त्या समाजात घरातील हलक्या चाकराचे होते, हे वाचकाने मनात ठेवले म्हणजे पेत्राचा संकोच कळतो. लक्ष्मीबाईंच्या आयुष्याचा पहिला अध्याय वाचला तर तो संकोच अधिकच कळतो.

तो अध्याय सोवळ्याचा आहे. बाईंचा जन्म 1868 सालचा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरचे आडनाव गोखले, नाव मनकर्णिका. 1857 च्या धामधुमीत त्यांच्या आजोबांना फाशी झाली, आणि त्या प्रसंगानंतर वडिलांच्या मनाने सोवळ्याचा जो ध्यास घेतला तो वेडाच्या सीमेस जाऊन भिडला. बाजारातून आलेली वस्तू धुतल्यावाचून घरात यावयाची नाही. मग ती वस्तू धुण्याजोगी असो वा नसो. मीठदेखील धुतले जाई. हे सारे बाई इतक्या हसत सांगतात की वाचक हसता हसता एक गोष्ट विसरतो: ही एका भयभीत माणसाची हकिगत आहे. बाहेरच्या जगाने एकदा घरात शिरून घर उद्ध्वस्त केले, तेव्हा आता बाहेरचे काहीही पाण्यावाचून आत येऊ द्यावयाचे नाही. सोवळ्याचे शास्त्र सांगणारे ग्रंथ पुष्कळ आहेत; सोवळ्याचे मानसशास्त्र इतक्या थोड्या पानांत, आणि तेही शास्त्राचा आव न आणता, मराठीत दुसऱ्या कोणी सांगितलेले आमच्या पाहण्यात नाही.

आता ह्या आरंभाची ग्रंथाच्या पुढील भागाशी सांगड घालून पाहावी. स्पर्श हे ज्या घरात पाप होते त्या घरातील मुलगी पुढे अशा एका घराची गृहिणी होते की ज्याचा दरवाजा कोणालाच बंद नाही. दुष्काळातील पोरकी मुले त्या घरात येतात, प्लेगच्या दिवसांत आजाऱ्यांची शुश्रूषा वाट्यास येते, जातीचा पत्ता नसलेली मुले कडेवर बसतात. एका टोकास धुतलेले मीठ आणि दुसऱ्या टोकास परक्या मुलाचे नाक पुसणारा पदर, असा हा प्रवास आहे. शुश्रूषा म्हटली की हात लावणे आलेच. दुरून करता येते ते दान. लक्ष्मीबाईंचे ख्रिस्ती होणे हे अगोदर हाताचे ख्रिस्ती होणे आहे असे म्हटले तर ते वावगे होणार नाही.

आणि हा पालट कसा झाला? येथे वाचकाने तारखांकडे लक्ष द्यावे. टिळकांचा बाप्तिस्मा 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईस झाला. लक्ष्मीबाईंचा झाला 1900 साली, राहुरीस. मधली पाच वर्षे ही ह्या ग्रंथाची खरी रणभूमी आहे. त्यातला काही काळ त्या पतीपासून दूर, नातलगांच्या आसऱ्याने, पंढरपुरासारख्या क्षेत्री राहिल्या. पुढे नगरास पतीजवळ आल्यावरही त्यांनी आपले सोवळे लागलीच सोडले नाही. टिळकांनी त्यांना युक्तिवादाने जिंकले असते तर मराठीला आणखी एक ‘अरुणोदय’ मिळाला असता. पण तसे घडले नाही. देवाने जाती केल्या की माणसांनी, हा प्रश्न त्यांच्या मनात उठला तो त्यांचा त्यांनाच. आणि त्याचे उत्तर मिळाले तेव्हा त्या ख्रिस्ती झालेल्या नव्हत्या. जातिभेद आधी गेला, बाप्तिस्मा मागाहून आला. इतरांच्या हातचे खाणे आधी, धर्मतत्त्वांचा स्वीकार मागाहून. मिशनऱ्यांच्या पुस्तकांतील क्रम ह्याच्या नेमका उलट असतो. तेथे हृदय पालटते आणि मग आचरण पालटते. बाईंच्या बाबतीत आचरणाने हृदयास वाट करून दिली असे दिसते, आणि ह्या उलट क्रमाविषयी त्यांना कोठेही संकोच वाटलेला नाही. आमच्या मते ह्या ग्रंथाचे धर्मविषयक महत्त्व ह्या एका गोष्टीत सर्वांत अधिक आहे.

ह्यानंतर मात्र आम्हांस एका अवघड प्रश्नाकडे वळावे लागते. टिळक हे उदार होते, हे सर्वश्रुत आहे. हातात पैसा टिकू द्यावयाचा नाही, दारात आलेल्यास रिकामे धाडावयाचे नाही, रस्त्यात दिसलेल्या पोरक्यास घरी आणावयाचे, अशी त्यांची वृत्ती. तिला ख्रिस्ती श्रद्धेने अधिकच धार आली. पण पोरके मूल घरी आणणे हे एका क्षणाचे काम आहे. त्याला दोन वेळा जेवू घालणे हे सात-आठ वर्षांचे काम आहे. पहिले टिळकांनी केले, दुसरे लक्ष्मीबाईंनी. उदारपणाची हुंडी एकाने लिहावी आणि ती वटवावी दुसऱ्याने, असा हा संसार होता. मग सेवा कोणाची?

ह्या प्रश्नास आपल्याकडे एक सोयीचे उत्तर तयार असते. पतीच्या व्रतात पत्नीचे व्रत आले, ती सहधर्मचारिणी, तिचे मूक सहन करणे हीच तिची थोरवी. ‘स्मृतिचित्रे’विषयी लिहिताना कित्येक भल्या टीकाकारांनी हे उत्तर दिले आहे, आणि आम्हांस ते मुळीच मान्य नाही. कारण ह्या ग्रंथातील पत्नी मूक नाही. ती भांडते, टोमणे मारते, पैसे दडवून ठेवते, पतीला तोंडावर वेडा ठरविते, आणि तेवढे करून त्याने आणलेल्या मुलाला ताट वाढते. ताट वाढणे आणि तक्रार करणे ही दोन्ही एकाच हाताची कामे आहेत. बाईंनी पतीला साधू केले नाही, आणि स्वतःला हुतात्मा केले नाही. टिळकांचा शीघ्रकोप त्यांनी झाकलेला नाही; त्यांच्या मनाचे निर्मळपणही झाकलेले नाही. पतीच्या दानशूरपणाची किंमत कोणी मोजली हे त्या इतक्या बारकाईने नोंदवितात की ही नोंद हाच एक न्यायनिवाडा होतो. पण निवाडा सांगताना न्यायाधीशच खळखळून हसतो. लूकाच्या शुभवर्तमानात मार्था आणि मरीया ह्या दोघी बहिणींची कथा आहे. मरीया पायांशी बसून ऐकते, मार्था स्वयंपाकात गुंतलेली आणि त्रासलेली. पुष्कळ शतके धर्मोपदेशकांनी मरीयेचा पक्ष घेतला. मार्थेने आपली बाजू लिहून ठेवली असती तर ती काहीशी ‘स्मृतिचित्रां’सारखी झाली असती, असे आम्हांस हा ग्रंथ वाचताना नेहमी वाटत आले आहे. ती तक्रारीने भरलेली असती, आणि तीत प्रेमाची वाण नसती.

विनोद हा ह्या ठिकाणी केवळ शैलीचा अलंकार राहत नाही. सेवा करणाऱ्यास दोन रोग जडण्याचा संभव असतो: एक अहंकाराचा, दुसरा कडवटपणाचा. आपण किती करतो ह्याचा हिशेब ठेवणारा गर्विष्ठ होतो. आपले कोणी करीत नाही ह्याचा हिशेब ठेवणारा आंबून जातो. लक्ष्मीबाई दोन्ही हिशेब ठेवतात आणि दोन्हींची थट्टा करतात. संतांच्या चरित्रांत नम्रता ही गुणांच्या यादीत सांगितली जाते. येथे ती स्वतःच्या फजितीच्या गोष्टी सांगण्यात आहे, आणि म्हणून तीवर विश्वास बसतो.

बालकवींविषयीची पाने ह्या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगी आहेत. जळगावला 1907 साली भरलेल्या कविसंमेलनात हा सतरा वर्षांचा मुलगा पुढे आला. पुढे टिळकांनी त्याला नगरास आपल्या घरी नेले. त्र्यंबक बापूजी ठोमरे हे त्याचे नाव, आणि बाईंच्या लेखी तो कवी नव्हे, ठोमरे. लहरी, भित्रा, लाडावलेला, रुसणारा. आपल्या मराठी कवितेच्या इतिहासांत टिळकांनी बालकवींवर केलेल्या संस्काराची चर्चा असते, आणि ती योग्यच आहे. परंतु त्या मुलाचे रुसवे काढून त्याला जेवावयास बसविणारे कोणीतरी होते, आणि ते काम पद्यरचनेच्या धड्यांहून कमी प्रतीचे नव्हते, ही गोष्ट इतिहासकारांच्या नजरेतून सुटते. 1918 साली रुळांवर त्याचा अपघाती अंत झाला तेव्हा ह्या घराने मुलगा गमावला. एक ब्राह्मण मुलगा, ख्रिस्ती घरात, आपला धर्म न सोडता, पोटच्या पोराप्रमाणे राहिला. बाप्तिस्म्याची अट कोणी घातली नाही. सेवेच्या मोबदल्यात श्रद्धा मागावयाची नाही, हा नियम ह्या घराने लेखी केलेला नव्हता, पण पाळलेला दिसतो. टिळकांनी 1917 साली अमेरिकन मराठी मिशनचा राजीनामा देऊन साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ भरविला, त्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले अशा दोघांनाही जागा होती. त्या दरबाराची कल्पना टिळकांची खरी. पण त्याची तालीम अगोदर कित्येक वर्षे नगरच्या त्या पंक्तीत झाली होती, असे आम्ही म्हटले तर ते अतिशयोक्तीचे होऊ नये.

येथे पंडिता रमाबाईंची आठवण होणे अपरिहार्य आहे. दोघी जवळजवळ समकालीन, दोघी ब्राह्मण कुळांतल्या, दोघी ख्रिस्ती झालेल्या. आणि दोघींच्या वाटा किती वेगळ्या. रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 सालचा, इंग्लंडातल्या वाँटेज येथला. 1907 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या साक्षीत त्यांनी एक प्रसंग सांगितला आहे. तेथील भगिनींनी त्यांना लंडनमधील फुलम येथे नेले आणि समाजाने पतित ठरविलेल्या स्त्रियांसाठी चाललेले काम दाखविले. अशा स्त्रियांची कोणी मायेने काळजी घेतो हे रमाबाईंनी प्रथमच पाहिले. हे तुम्ही का करता, असे त्यांनी विचारले. तेव्हा त्यांना शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखविण्यात आली. म्हणजे येथेही क्रम तोच: काम आधी दिसले, ग्रंथ मागाहून उघडला. शास्त्रार्थात भल्याभल्यांना निरुत्तर करणारी ही विदुषी अखेर हलली ती एका कामाच्या दर्शनाने.

पण रमाबाईंचे कार्य संस्थारूप झाले. 1889 साली मुंबईत शारदा सदन निघाले, ते पुण्यास गेले. 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्यप्रांतात जाऊन निराधार मुलींना घेऊन आल्या, आणि केडगावचे मुक्ति सदन उभे राहिले. तेथे मुलींनी शेती केली, विणकाम केले, खिळे जुळविले, छापखाना चालविला. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून साऱ्या बायबलाचे सोप्या मराठीत भाषांतर केले. त्या 1922 साली वारल्या, आणि मुक्तीच्या छापखान्यात छापलेले ते बायबल 1924 साली बाहेर पडले. विद्वत्तेचा एवढा साठा असलेल्या बाईने भाषा मुद्दाम खाली उतरविली, कारण ते पुस्तक ज्या मुलींच्या हाती जावयाचे त्यांना जड शब्दांचा उपयोग नव्हता. ही भाषेतली सेवा झाली, आणि तिचा अभ्यास आपल्या भाषांतर-मीमांसकांनी अद्याप मन लावून केलेला नाही.

मग ‘स्मृतिचित्रां’चे वेगळेपण कोठे राहिले? आमच्या मते ते सेव्याच्या चित्रणात आहे. संस्थेचा व्याप वाढला म्हणजे ज्यांच्यासाठी ती असते ते संख्येत जमा होतात. अमुक इतकी मुले आली, इतकी शिकली, इतकी दगावली. मिशनच्या जुन्या अहवालांत ह्या मुलांना चेहरा नसतो. असलाच तर तो कृतज्ञतेचा. लक्ष्मीबाईंच्या घरातली मुले कृतज्ञ नाहीत. ती चोरून खातात, खोटे बोलतात, पळून जातात, बाईंनाच बनवितात. ज्याची सेवा करावयाची त्याला तोंड आहे, आणि ते तो बाईंच्यापुढे चालवितो. उपकार करणारा आणि उपकृत ह्यांच्यामध्ये सहसा जी एक उंच पायरी असते ती येथे दिसत नाही, ह्याचे कारण हेच. एखाद्या मुलाच्या लबाडीचे वर्णन करताना बाईंची लेखणी जितकी खुलते तितकी ती कोणाच्या सद्गुणाचे वर्णन करताना खुलत नाही. प्रेमाची ही परीक्षा आम्हांस फार भरवशाची वाटते.

येथवर स्तुती झाली. आता ज्या एका जागी हा ग्रंथ आम्हांस अपुरा वाटतो तिच्याविषयी बोलले पाहिजे. आणि ती जागा लहान नाही. त्या काळच्या अहमदनगर (आजच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील ख्रिस्ती मंडळींत बहुसंख्य कुटुंबे महार आणि मांग समाजांतून आलेली होती. गावची मेलेली गुरे ओढणे, सांगावा पोचविणे, सरकारी कामगारांची ओझी वाहणे, सरणासाठी लाकडे नेणे ही कामे त्यांच्या वाट्यास जन्माने आलेली होती. त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांची सेवाच केली होती. फक्त तिला सेवा असे कोणी म्हटले नाही. ब्राह्मण घरातून आलेल्या लक्ष्मीबाईंनी परक्याचे उष्टे उचलले तर ते उतरणे आहे, आणि उतरण्यात एक उदात्तता आहे. ज्याला उष्टे उचलण्यावाचून गत्यंतरच नव्हते त्याला पाय धुण्याच्या कथेचा अर्थ तोच लागला असेल काय? आमचा तर्क असा की, त्याला त्या कथेत पाय धुणाऱ्या गुरूपेक्षा, ज्याचे पाय धुतले जात आहेत तो शिष्य अधिक जवळचा वाटला असेल. आयुष्यात प्रथमच कोणीतरी आपले पाय धुवावयास वाकले आहे, ही त्याची शुभवार्ता.

ह्या माणसांचे आतले मन ‘स्मृतिचित्रां’त येत नाही. ती येतात ती बाईंच्या दृष्टीने, आणि ती दृष्टी कितीही प्रेमळ असली तरी बाहेरची आहे. गावोगाव पायी हिंडून बायकांना वाचावयास शिकविणाऱ्या, बाळंतिणींच्या उशाशी बसणाऱ्या ज्या ‘बायबल वूमन’ म्हणून ओळखल्या जात, त्यांच्यातील एखादीने आपली स्मृतिचित्रे लिहिली असती तर मराठी वाङ्मयात आज एक पोकळी दिसते ती दिसली नसती. हा दोष लक्ष्मीबाईंच्या पदरी घालणे अन्यायाचे होईल. जे आपण जगलो नाही ते आपण जगल्यासारखे त्यांनी दाखविले नाही, हा तर त्यांचा प्रामाणिकपणा. परंतु ग्रंथाची थोरवी गाताना त्याच्या कक्षेची मर्यादा सांगणे हे टीकेचे काम आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दलित आत्मकथने आली तेव्हा कोठे मराठीला वेठीच्या सेवेचा आतून लिहिलेला वृत्तान्त मिळाला. ‘स्मृतिचित्रे’ आणि ती आत्मकथने शेजारी ठेवून कोणी अभ्यासकाने वाचावीत. दोन्हींत भाकरी आहे, पाणी आहे, उंबरठा आहे, आणि दोन्हींत ह्या वस्तूंचा अर्थ किती निराळा आहे हे त्यातून दिसेल.

रचनेच्या दृष्टीने मागचे भाग पुढच्या भागांच्या मानाने सैल आहेत, हे मान्य करावे लागते. टिळक 1919 साली वारले, आणि त्यांच्याबरोबर ग्रंथातील तो अखंड चाललेला कलह आणि त्याची ऊब नाहीशी झाली. त्यानंतरची बाईंची धडपड, कराचीचे वास्तव्य, नातवंडे ह्यांत मौज आहे. कथेला ताण नाही. तथापि एक गोष्ट ध्यानात येते. टिळकांच्या हयातीत मुले घरी आणणारा कोणी दुसरा होता, म्हणून कुरकुरण्यास जागा होती. तो गेल्यावर बाईंनी दार लावून घेतले नाही. टिळकांनी अपुरे टाकलेले ‘ख्रिस्तायन’ त्यांनी पुढे नेले हे सर्वांना ठाऊक असते. त्यांचे अपुरे राहिलेले घरही त्यांनी त्याच रीतीने पुढे नेले, हे सांगावयाचे राहून जाते.

भाषेविषयी थोडे. बाईंचे शिक्षण शाळेत झालेले नाही; त्यांना वाचावयास लाविले ते टिळकांनी. त्यांच्या गद्यात बोलण्याची लय आहे, वाक्ये आखूड आहेत, आणि धर्माचे पारिभाषिक शब्द फार थोडे आहेत. कृपा, तारण, पाप, पश्चात्ताप ह्या शब्दांची जी दाटी धर्मनिष्ठ आत्मवृत्तांत असते ती येथे नाही. त्यांच्या जागी पिठाचे डबे आहेत, कळशा आहेत, गोधड्या आहेत. ह्या शब्दांमुळे भाषांतरकारांची परीक्षा होते. जोसेफिन इंक्स्टर यांचे इंग्रजी भाषांतर 1950 साली निघाले, आणि शांता गोखले यांचे 2017 साली. इंग्रजीत उष्टे, खरकटे आणि सोवळे ह्या तीन शब्दांस तीन निरनिराळे अचूक शब्द सापडणे कठीण. आणि आपण वर ज्या स्पर्शाच्या प्रवासाविषयी बोललो तो सारा ह्या तीन शब्दांच्या अधेमधे घडतो.

बृहन्महाराष्ट्रात वाढलेल्या तरुण मराठी वाचकासही हे शब्द आता परके होऊ लागले आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही. घरात मराठी बोलले जाते, पण सोवळ्याची खुंटी आणि पाण्याचा वेगळा घडा ही दृश्ये त्याने पाहिलेली नसतात. आणि पाहिली नाहीत हे बरेच झाले. त्याने ह्या ग्रंथाच्या संक्षिप्त आवृत्त्यांवर समाधान मानू नये, अशी आमची सूचना आहे. संक्षेप करणारा कितीही रसिक असो, त्याला काही ना काही कापावे लागते, आणि कापताना हात प्रथम जातो तो रोजच्या, पुन्हा पुन्हा येणाऱ्या, वरकरणी क्षुल्लक तपशिलांकडे. बाईंचे नातू अशोक देवदत्त टिळक यांनी संपादिलेली आवृत्ती परिश्रमपूर्वक सिद्ध केलेली आहे. मराठी मंडळांच्या ग्रंथालयांनी तीच ठेवावी. तिचा पहिला भाग वाचून झाल्यावर वाचकाने घाईने बाप्तिस्म्याच्या प्रकरणाकडे उडी घेऊ नये. मधली पाच वर्षे, पंढरपूर आणि नगर येथली, सावकाश वाचावीत. पाणी कोणी भरले, कोणाच्या विहिरीचे, आणि ते कोण प्यायले, एवढेच पाहत जावे.